उड्डाणाआधीचा एक तास

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांत आता बहुतेक बॅटरीची मोटर असते. 'नायट्रो' विमानात मात्र खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. आपल्या फवारणीच्या पंपाचा धाकटा भाऊच म्हणा ना! फरक इंधनाचा. इथे पेट्रोल नाही. मेथॅनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल.

एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकलेला आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीत असं विमान घेऊन वालूरला आला. सोयाबीन निघालेल्या रिकाम्या रानात मुलं जमली, चार-पाच पालकही आले. सगळ्यांना उड्डाण बघायचं होतं. तो तयारीलाच बसला.

आधी तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर, खालून दोन बोटं लावून त्याने विमान उचललं. शेपूट खाली गेली. "दादा, टाकी रिकामी का ठेवली?" सातवीतल्या एका मुलीने विचारलं. टाकी नाकाकडे असते. इंधन जळत जाईल तसं विमान शेपटीकडे जड होतं, म्हणून तोल रिकाम्या टाकीवरच बघायचा. गुरुत्वमध्य मी फळ्यावर कितीदा काढलाय, पण असा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता. रिसीव्हरची बॅटरी पुढे सरकवल्यावर नाक किंचित झुकलं.

मग त्याने मुलांनाच विचारलं, "दांडी उजवीकडे केली तर उजव्या पंखाची मागची पट्टी वर जाईल की खाली?" निम्मी मुलं 'खाली' म्हणाली. पट्टी वर जाते. त्या पंखाची उचल कमी होते आणि विमान उजवीकडे कलतं.

इंधन भरताना मुलांना लांब ठेवलं. मेथॅनॉल विषारी, आणि त्याची ज्योत उन्हात धड दिसतही नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार दीड व्होल्टवर लाल होते, इंजिन सुरू होतं. नंतर बॅटरी काढली तरी ते चालूच राहतं. दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मेथॅनॉलची क्रिया तारेला तापलेलं ठेवतात. उत्प्रेरकाचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पूर्ण वेगात नाक आभाळाकडे धरून त्याने आवाज ऐकला. इंजिन दमल्यासारखं वाटलं तसं सुईची चावी थोडी सैल केली. इंधन कमी पडलं तर तेलही कमी पडतं, इंजिन तापून अडकतं. फवारणीवाल्या एका पालकांनी लगेच मान डोलावली.

शेवटी रिमोटची शक्ती कमी करून तीसेक पावलांवरून तपासणी. इंजिन बंद असताना सगळं ठीक. चालू केल्यावर शेपटीवरचं सुकाणू आपोआप थरथरायला लागलं.

त्याने इंजिन बंद केलं. "आज नाही उडवायचं."

"अरे, एवढं केलंस, एक चक्कर तरी मार!" पालक म्हणाले. मुलांची तोंडं उतरली. मलाही वाटलं, मारावी एक. तो शांतपणे म्हणाला, "काका, अडीच किलोचं आहे. सुकाणू ऐकेना झालं तर हे कुणाच्या डोक्यात पडेल?"

आपल्या प्रयोगवह्यांत उत्तर नेहमी बरोबर येतं, कारण ते आधीच माहीत असतं. त्या दिवशी त्या मुलीने वहीत लिहिलं: उड्डाण नाही. कारण, इंजिन चालू असताना सुकाणू थरथरते. मी खाली सही केली.

संध्याकाळी रिसीव्हरचा सैल जोड सापडला, त्याभोवती नवा फोम गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान आठ मिनिटं उडालं. बघायला सहाच मुलं होती.