पाल्मायराची जकात-शिळा

सीरियाच्या वाळवंटात, दमास्कसच्या ईशान्येस सुमारे २१५ किलोमीटरवर, पाल्मायराचे भग्नावशेष पसरले आहेत. एका बाजूस रोमन साम्राज्य, दुसऱ्या बाजूस पार्थियन सत्ता आणि मधे ओसाड वाळवंट. अशा सीमेवर एफ्का झऱ्याच्या आधाराने हे नगर वसले आणि व्यापाराच्या बळावर वैभवास चढले.

येथील व्यापाऱ्यांचे तांडे युफ्रेटिसच्या वाटेने इराणी आखातापर्यंत जात. इ. स. १५७ च्या एका शिलालेखात सिंधू-मुखाकडील ‘सिथिया’ प्रदेशातून जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. भव्य राजमार्गावरील स्तंभांना मध्यभागी दगडी आधार कोरलेले आहेत. त्यांवर नगराच्या प्रतिष्ठितांचे पुतळे असत आणि तांडे सुखरूप आणणाऱ्या नायकांनाही तो मान मिळे.

या नगराचा सर्वात बोलका अवशेष म्हणजे इ. स. १३७ ची जकात-शिळा. पूर्वीच्या नियमांत अनेक जिनसांची नोंद नव्हती. वसुली वहिवाटीवर चाले आणि व्यापारी व जकातदार यांच्यात वारंवार तंटे होत. म्हणून नगरसभेने सर्व दर ठरवून ग्रीक व स्थानिक आरमाईक या दोन्ही भाषांत दगडावर कोरविले. सुगंधी तेल संगमरवरी कुप्यांत असेल तर उंटाच्या ओझ्यामागे २५ दिनार, बकऱ्याच्या कातड्याच्या पखालीत असेल तर १३. भरलेली गाडी चार उंटांच्या ओझ्याइतकी धरावी. आसपासच्या खेड्यांतून ये-जा करणाऱ्या अन्नधान्यास माफी. परका व्यापारीही तो दर स्वतः वाचू शकत होता. नगराची पत अशा उघड व्यवहारावर उभी होती.

इ. स. २७२ मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने राणी झेनोबियाचा पराभव केला आणि वैभव ओसरले. १९८० मध्ये युनेस्कोने या अवशेषांना जागतिक वारसा म्हणून संरक्षण दिले. तरीही २०१५ मध्ये अतिरेक्यांनी बेल व बालशमीन यांची मंदिरे सुरुंगांनी उडविली. चार दशके या वारशाची देखभाल केलेले वयोवृद्ध पुरातत्त्ववेत्ते खालेद अल-असाद यांनी स्थलांतरित केलेल्या प्राचीन वस्तूंचा ठावठिकाणा सांगितला नाही, आणि त्यासाठी प्राण दिले.

जकात-शिळा मात्र सुरक्षित आहे. १८८१ मध्ये सापडल्यानंतर ती रशियातील हर्मिटाज संग्रहालयात पोहोचली. दुसऱ्याची ठेव प्राणापलीकडे जपणे, हा सचोटीच्या व्यापाराचा पहिला नियम. तो कोणत्याही शिळेवर कोरलेला नव्हता. अल-असादांनी तो आचरून दाखविला.