गाडीला मेंदू हवाय!

आमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीला इंजिन आहे जुन्या केटीएम ३९० चं, ३७३ सीसी. नियम असा, की इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिमीच्या भोकातूनच आत जायला हवी. साहजिकच वरच्या आरपीएमला इंजिनाचा दम कोंडतो आणि मूळ ईसीयूचा पेट्रोलचा हिशोब चुकतो. तो हिशोब कंपनीने कुलूपबंद केलेला, म्हणजे नवा ईसीयू घेणं आलंच!

टीममध्ये लगेच दोन पार्ट्या. एक मोटेकवाली : रेसिंगमधलं मोठं नाव, किंमतही तशीच. दुसरी स्पीडुइनोवाली : आर्डुइनो मेगावर चालतो, आराखडा सगळ्यांना खुला, पण सोल्डरिंगपासून सगळं आपलं आपण.

मोऱ्याला आमच्या शेजारचे काका बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतात. (ईसीयू हा शब्द त्यांना मीच शिकवला बरं का!) दोन्हींचं वर्णन ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी गो, भर दर्यान बंद परला त खोलनार कोन?"

२२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये नेमका हाच प्रश्न. माझं मत स्पीडुइनोला. वाचलेल्या पैशांतून वाइडबँड लॅम्डा सेन्सर घेऊ; पेट्रोल कमी पडतंय की जास्त, हे एक्झॉस्टवरूनच कळेल.

सरांनी अजून सही केलेली नाही. म्हणतात, आधी टेबलावर स्पार्क पाडून दाखवा.