सागरतीरीचे छायाचित्रण

मॉरिशसमधील मराठी कुळांचे समुद्राशी असलेले नाते विलक्षण आहे. पूर्वजांना या बेटावर आणले ते समुद्राने; परंतु पोर्ट लुईच्या धक्क्यावरील पायऱ्या चढून ते उसाच्या मळ्यांकडे वळले आणि बहुतेकांचे आयुष्य तेथेच सरले. विसर्जनाच्या दिवशी गणपतीबरोबर पाण्यापर्यंत जावे, एवढाच काय तो समुद्राचा सहवास! त्यांच्या पणतवंडाने निव्वळ पाहण्याच्या हौसेने, खांद्यास कॅमेरा अडकवून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जावे, ही गोष्ट म्हणूनच वाटते तितकी क्षुल्लक नव्हे.

कॅमेरा आणि ही कुळे यांची पहिली भेट सुखाची नव्हती. १८६७ च्या मजूर कायद्यान्वये, करार पुरा झालेल्या स्थलांतरितास स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास अटक होई. त्या काळची छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जतन केलेली आहेत. त्यांतील माणूस स्वेच्छेने कॅमेऱ्यासमोर बसलेला नाही. आज त्याचा वंशज कॅमेऱ्यामागे उभा आहे आणि काय पाहावे हे तोच ठरवितो. या स्वातंत्र्याचा विनियोग त्याने कसा करावा, हा खरा प्रश्न होय.

टपालखात्यातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ दर रविवारी पहाटे सुयाकजवळील ग्री-ग्रीच्या कड्यावर जातात. बेटाभोवती बहुतेक सर्वत्र प्रवाळाची भिंत आहे. येथे ती खंडित झाल्याने महासागराच्या लाटा थेट खडकांवर आदळतात. भिंगावर खारे तुषार बसतात, ते वारंवार मऊ फडक्याने पुसावे लागतात. दुपारच्या उन्हात छायाचित्रातील फेस म्हणजे नुसता पांढरा डाग. सकाळच्या तिरप्या प्रकाशात मात्र त्यातच राखी व निळ्या छटा उमटतात. एखादी चांगली लाट मिळण्यासाठी तासभर उभे राहण्यास ते कंटाळत नाहीत.

हिवाळी पाहुण्यांसाठी ते नातवासह पोर्ट लुईजवळील तेर रूज नदीच्या मुखाशी जातात. उत्तर गोलार्धात थंडी पडू लागली, की थेट सायबेरियातून निघालेले चिखलपक्षी येथे येतात आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसून किडे वेचतात. परतीच्या प्रवासाची शिदोरी म्हणजे त्यांच्या अंगावर साठलेली चरबी. उडतानाचे चित्र मिळावे म्हणून कोणी थवा उठविला, तर त्या शिदोरीतलाच घास हिरावला जातो. आजोबा नातवास बजावतात, “बाळ, तुझ्या भयाने पक्षी उडाला, तर चित्र कितीही सुंदर येवो, ते फसले असेच समज.” ज्यांच्या पूर्वजांस इच्छेविरुद्ध टिपले गेले, त्यांच्या मुखी हा नियम विशेष शोभतो.

अशा चित्रांचे मोल संकटकाळी कळते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचे जहाज प्वँत देस्नी येथील प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन इंधनतेल निळ्या पाण्यात पसरले. तेव्हा लोकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, त्यांचे लांबलचक तरंगते बांध करून तेल अडविले. ज्या उसापायी पूर्वजांच्या पाठी वाकल्या, त्याच्याच पाचटाने वंशजांनी समुद्र राखला! किनारा पूर्वी कसा होता, खारफुटीची मुळे किती स्वच्छ होती, याची साक्ष देण्यास मात्र आधी काढलेली चित्रेच उपयोगी पडतात.

तेव्हा तरुणांनी कॅमेरा अवश्य घ्यावा. परंतु चित्रामागे स्थळ व तारीख नोंदवावी, आणि तीच जागा वर्षावर्षाने पुन्हा टिपावी. वाळू किती खचली, खारफुटी किती वाढली, कोणते पाहुणे यावयाचे थांबले, हे अशा संग्रहातूनच उमगेल. पूर्वजांनी ही भूमी कष्टाने आपलीशी केली. तिचा किनारा डोळसपणे पाहून, जपून आपलासा करणे हे काम पुढच्या पिढ्यांसाठी उरले आहे.