डोमकळी आणि दोन डोळे

समीक्षेत ‘सूक्ष्मदर्शक’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. एखाद्या कादंबरीकाराची दृष्टी सूक्ष्मदर्शकासारखी आहे असे म्हटले, की तिला दिसणारे मोठे आणि म्हणून अधिक खरे, असे आपण गृहीत धरून मोकळे होतो. अमरावतीला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे यंदा नवा स्टीरिओ मायक्रोस्कोप आला. तो मांडण्याच्या कामी आम्ही दोन दुपारी हातभार लावला आणि तेव्हापासून हा शब्द लिहिताना लेखणी जरा थबकते.

मोठे करून दाखवण्यात हे यंत्र तसे गरीबच. ७ पटींपासून ४५ पटींपर्यंत त्याची धाव. ग्रीनो या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून जर्मनीतील झाइस कंपनीने १८९० च्या दशकात अशा रचनेचा सूक्ष्मदर्शक घडवला. त्यात प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र वाट असते आणि त्या दोन वाटा किंचित वेगळ्या कोनांतून वस्तूकडे जातात, म्हणून खोली दिसते. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात सुई डावीकडे सरकवली की ती उजवीकडे निघालेली दिसते. इथे प्रतिमा सुलट असते. शिवाय भिंग आणि वस्तू यांच्यात अर्ध्या वितीची मोकळी जागा राहते. ही जागा हातांसाठी आहे. पाहता पाहता चिमट्याने उकलता यावे, यासाठीच हे सारे.

मांडणीला घाई चालत नाही. वरचा भाग कड्यात बसवून स्क्रू कसला, की आधी नेत्रभिंगांमधले अंतर जुळवायचे; दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होईपर्यंत. मग सर्वांत जास्त वर्धनावर वस्तू स्पष्ट करून घ्यायची, सर्वांत कमी वर्धनावर यायचे आणि फोकसच्या चाकाला हात न लावता एकेका डोळ्यासाठी नेत्रभिंगाचे कडे फिरवायचे. आमच्या दोन डोळ्यांचे नंबर इतके निराळे आहेत, हे त्या कड्यांनी निमूटपणे सांगितले. एकदा हे जुळले, की वर्धन कितीही बदला, वस्तू अंधुक होत नाही. गोल दिव्याचा उजेड चहूकडून पडून सावल्या पुसतो. एका बाजूने तिरपा उजेड टाकला तर उंचसखलपणा उठून दिसतो. भिंगावर रुमाल फिरवायचा नाही, आधी रबरी फुग्याने हवा मारायची, कारण वऱ्हाडातली धूळ काचेला ओरखडे पाडते.

दुसऱ्या दुपारी स्नेह्यांचा एक विद्यार्थी अकोल्याजवळच्या आपल्या शेतातून डोमकळ्या आणि २० हिरवी बोंडे घेऊन आला. ज्या कपाशीच्या फुलाच्या पाकळ्या अळीने आतून धाग्यांनी जखडल्या आहेत आणि जे उमलतच नाही, ते फूल म्हणजे डोमकळी. शब्द गोड आहे, अर्थ नाही. ज्या अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. २००२ मध्ये देशात बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला, तरी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडे पोखरलीच. लहान अळी बोंडात शिरते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजून जाते.

“सर, वरून तं बोंड साजरंच दिसते,” तो म्हणाला.

त्याने बोंडे एकेक करून उकलली. सातव्या बोंडात, ओल्या रुईच्या घडीआड, काहीतरी हलले. पांढरे, डोके तेवढे काळपट. गुलाबी रंग अळीला पुढे, वाढ होता होता चढतो. ज्या नावाने आपण तिला ओळखतो ते नाव लहानपणी तिला लागूच नसते. नुसत्या डोळ्यांना ती रुईचाच एक तुकडा वाटली असती. इथे मात्र दोन्ही डोळ्यांनी रुई मागे ढकलली आणि अळी पुढे आणली.

हिशेब साधा असतो: २० बोंडांत २ किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के, की फवारणीचा निर्णय घ्यावा लागतो. फवारणी म्हणजे पुन्हा खर्च आणि त्यातही उत्पन्नाची हमी नाही. विसावे बोंड उकलून झाल्यावर त्याने हात पुसले आणि घरी फोन लावला. “बाबा, तीन बोंडायमंदी हाये,” तो म्हणाला, “पांढरीच हाये अजून.”