वेरूळची वाट आणि पाहुणचाराचे शास्त्र

छत्रपती संभाजीनगरला आपली माणसे जातात ती बहुधा नामविस्तार दिनाला, नाहीतर मिलिंद महाविद्यालयाचा परिसर डोळे भरून पाहायला. हाती आणखी एक दिवस असेल तर वेरूळचा रस्ता धरावा. अंतर तीसेक किलोमीटर. सकाळच्या एस.टी.ने निघावे, भाकरी बांधून घ्यावी. मंगळवार मात्र टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. या वाटेवर तीन ठिकाणे अशी आहेत की, ती मुलामुलींना दाखवताना त्यांच्या पुढच्या शिक्षणाचीही गोष्ट काढता येईल.

पहिले ठिकाण म्हणजे विद्यापीठ. 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले ते 14 जानेवारी 1994 रोजी. त्यासाठी किती घरे जळाली, किती जीव गेले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. म्हणजे वर भिक्खूंचे विहार आणि खाली बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ! याच विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे.

कष्टकरी आईबाप विचारतील, फिरणे ते काय, त्याचा अभ्यास कसला? हॉटेल म्हटले की आपल्याला कपबशा विसळणारा पोऱ्या आठवतो. परंतु पर्यटन, पाहुणचार आणि करमणूक या विषयांचे जगभर मोठे शास्त्र झाले आहे. मूळचे इराणचे जाफर जाफरी अमेरिकेत आधी हॉटेल व्यवस्थापन शिकले, मग मानववंशशास्त्रात पीएच.डी. झाले. 1973 साली त्यांनी ‘ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ हे संशोधनाचे नियतकालिक सुरू केले. या विषयाकडे पाहण्याच्या चार भूमिका त्यांनी मांडल्या. काही जण पर्यटनाचे नुसते गुणगान करतात, काही त्याच्या हानीबद्दल सावध करतात. काही जण गावाला मानवेल असे पर्यटन शोधतात. चौथी भूमिका म्हणते, आधी नीट अभ्यास करा, मग बोला. बुद्धाच्या ‘या आणि पाहा’ या शिकवणीत वाढलेल्यांना ही चौथी भूमिका परकी वाटू नये.

दुसरे ठिकाण दौलताबादचा किल्ला. 1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत हा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. दरवाजाजवळ भरलेला तलाव होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी त्या पाण्याने तोंडे धुतली. एवढ्यावरून गलका झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. ज्यांच्या धर्मात अस्पृश्यता नाही, त्यांनाही या देशातल्या जातीच्या रोगाने ग्रासले होते. अखेर किल्ला पाहू दिला तो कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बडोद्याला तर त्यांना पारशी नाव घेऊन पारशी पथिकाश्रमात राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना तेथून बाहेर काढले. परदेशात शिकून आलेल्या त्या विद्वानाला गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने 1990 साली पुस्तिकेच्या रूपात छापले.

आता विचार करा. किल्ला म्हणजे पर्यटन, पथिकाश्रम म्हणजे पाहुणचार, बाग म्हणजे विसावा. आज विद्यापीठांत ज्यांची खाती आहेत, त्या तिन्ही ठिकाणी बाबासाहेबांनी जातीचा चटका सोसला. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई केली आहे. हे दार कोणाला उघडे होते आणि कोणाला बंद, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे. तो आपल्या लेकरांइतका कोणाला कळणार?

तिसरे ठिकाण वेरूळ. येथील 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्ध आहेत. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहापुढे सगळेच थांबतात. पाचव्या लेण्यात मात्र थोडा वेळ बसा. शंभर फुटांहून अधिक खोल असे हे दालन आहे आणि त्याच्या मधोमध दगडात कोरलेले दोन लांब, ठेंगणे कट्टे आहेत. भिक्खू येथे जेवत की पठणाला बसत, यावर विद्वानांचे एकमत नाही. जुन्या पुस्तकांत या लेण्याचे नाव ‘महारवाडा’ असे नोंदले आहे. पावसाळ्यात महार कुटुंबे येथे आसऱ्याला येत, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांना पावसात छप्पर दिले ते विहाराने! हे नाव कोणी ठेवले, कधी ठेवले, वाटाड्या आज पाहुण्यांना ते कसे सांगतो? एवढ्यावर एक उत्तम प्रबंध होईल.

असे विषय आपल्याभोवती पडलेले आहेत. दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. वर्तमानपत्रे त्यांना ‘गर्दी’ म्हणून मोकळी होतात. पण त्या माउल्या रात्री कोठे निजतात, न्हाणीघर किती जणींना मिळते, घरून किती पैसे जमवून निघतात, पुस्तके किती नेतात? हे मोजून, विचारून लिहिले तर सरकारपुढे मागणी मांडताना हाती आधार राहील.

वाट कशी आहे तेही सांगतो. अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पर्यटनाच्या पदव्युत्तर वर्गात जाता येते. नेट परीक्षेत पर्यटन प्रशासन व व्यवस्थापन हा वेगळा विषय आहे. तीत वरच्या गुणांनी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासूनच्या दराने सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. पुण्याच्या बार्टीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. नेट किंवा सेट झाल्यावर सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. वाट सोपी नाही. कायम जागा थोड्या, तासिका तत्त्वावर राबणारे फार. तेव्हा इंग्रजी वाचनाची सवय शाळेपासून लावावी आणि पदवीच्या काळातच आकडेवारीचा हिशेब शिकून घ्यावा.

आपल्या मुलाने हॉटेलात ताट वाढले तर त्यात कमीपणा नाही, श्रम श्रेष्ठच आहेत. पण ताट कोणी वाढायचे आणि पंगतीत कोणी बसायचे हे या देशात कोणी ठरवले, ते शोधणारी लेखणीही आपल्याच मुलामुलींच्या हाती हवी. वेरूळहून परतताना एस.टी.त त्यांच्याशी एवढे जरूर बोला.