घरगाडी किती डिझेल पिते?

झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, म्हणजे कॅरॅव्हॅनमधून, पर्यटन व्हावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण आणले. दोन-तीन कुटुंबांनी वर्गणी काढून अशी गाडी ठरवायची, तर आधी डिझेलचा हिशेब मांडावा.

सातारा ते सांगली, कराड-पेठ मार्गे, साधारण सव्वाशे किलोमीटर. साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल मुलांना जरूर दाखवावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव याच शाळेत दाखल झाले. पुढे रस्ता कृष्णेच्या खोऱ्याने उतरत जातो. जाताना डिझेल कमी लागते, परतताना जास्त. म्हणून टाकी काठोकाठ भरून निघावे, परतल्यावर पुन्हा तशीच भरावी आणि जाण्यायेण्याची मिळून सरासरी काढावी. लिटरला दहा किलोमीटर पडले तर अडीचशे किलोमीटरला २५ लिटर. आठच पडले तर ३१ लिटर.

हा फरक पडतो तो ओझ्याने, टपावरच्या सामानाने, चाकातल्या कमी हवेने आणि भरधाव वेगाने. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. तेव्हा धुण्याभांड्यांचे पाणी मुक्कामावरच भरावे.

पिण्याच्या पाण्यात मात्र काटकसर नको. याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली मसूर स्टेशनवरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या लहान भीमरावांना आणि त्यांच्या भावाला व भाच्यांना रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. शिदोरी जवळ असून ती उपाशी झोपली. वीस लिटरचा एक कॅन वाहायला जे थोडे डिझेल लागेल, ते खुशाल लागू द्यावे.