पिवळा गडू

मोटार चालवणाऱ्याच्या पुढ्यात जे चिमुकले दिवे लागतात, त्यांच्या खुणा ठरवणाऱ्या मंडळींनी त्या एकदा आमच्या सौभाग्यवतीच्या नजरेखालून घालायला हव्या होत्या. तेलाच्या दिव्यात तिला देवघरातली झारी दिसते, इंजिनाच्या दिव्यात किसणी दिसते, आणि चाकांतली हवा कमी झाली म्हणजे जो पिवळा दिवा लागतो त्यात तिला गडू दिसतो. वास्तविक ते टायरचे छेदचित्र आहे. खाली दातेरी तळ, दोन्ही बाजूंना फुगलेल्या भिंती आणि मधोमध एक उद्गारचिन्ह. पण तिने एकदा गडू म्हटल्यावर मलाही त्यात दुसरे काही दिसेनासे झाले. एका बस डेपोच्या टायर विभागात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला टायरच्या चित्रात गडू दिसावा, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. पण अभिमानाने सांगण्याजोगे या लेखात पुढेही फारसे नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या गावी होतो. साध्या टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्ता नीट धरीत नाही. म्हणून तिकडचे लोक थंडीपुरते मऊ रबराचे टायर वापरतात. दर खेपेला टायर उतरवण्या-चढवण्याची कटकट नको, म्हणून पुष्कळजण त्या टायरांसाठी चाकांची वेगळी चौकडीच बाळगतात. आपण पावसाळी चपला वेगळ्या ठेवतो ना, तसे. चिरंजीवांनी अशी चौकडी एका गृहस्थांकडून अर्ध्या किमतीत मिळवली. ते गृहस्थ फ्लॉरिडाला निघाले होते. तिकडे बर्फाची चिंता नाही. चाके गाडीच्या कंपनीची नव्हती, बाहेरच्या बाजारातली होती, पण मोठी देखणी होती. टायर आत बसवलेले, हवा भरलेली. फक्त त्यांच्या पोटात सेन्सर नव्हते.

हा सेन्सर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमची एक डबी. ती व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, टायरच्या अंधारात बसलेली असते. तिच्यात स्वतःची बॅटरी असते, ती बदलता येत नाही. संपली की डबीच नवी घ्यायची. चाक फिरू लागले की डबी जागी होते आणि आतला दाब किती हे बिनतारी संदेशाने गाडीला कळवते. प्रत्येक डबीला आपापला क्रमांक, आणि गाडी फक्त ओळखीच्या चार क्रमांकांचेच ऐकते. सगळ्याच गाड्यांत हे असते असे नाही. चिरंजीवांच्या आधीच्या गाडीत चाकात काहीच नव्हते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि म्हणून इतरांपेक्षा भरभर फिरते, एवढ्यावरून ती गाडी ताडायची. मला ती पद्धत फार आवडे. आमच्या डेपोतल्या म्हाताऱ्या फिटरांसारखी ती, अनुमानावर चालणारी.

अमेरिकेत हा दिवा हौसेचा नाही. नव्वदीच्या दशकात तिकडे टायर फुटून मोटारी उलटल्या, दोनशेहून अधिक माणसे दगावली, २००० साली लाखो टायर परत मागवावे लागले, आणि त्याच वर्षी कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही व्यवस्था सक्तीची आहे. नेमून दिलेल्या दाबापेक्षा हवा पंचवीस टक्के उतरली की दिवा लागलाच पाहिजे. त्यामुळे चिरंजीव ती देखणी चाके घेऊन दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने नम्रपणे हात जोडले. चालू असलेली सुरक्षेची व्यवस्था जाणूनबुजून बंद पाडण्याची धंदेवाल्याला मनाई आहे. तो म्हणाला, सेन्सर घाला, मग बसवतो. चारांचे मिळून दोनशे डॉलरच्या आसपास.

कायद्याने दुकानदाराचे हात बांधले होते, मालकाचे नव्हते. रविवारी सकाळी आम्ही बापलेकांनी घराच्या अंगणात जॅक लावून चारही चाके बदलली. व्हील पाना हातात आल्यावर मी दहा वर्षांनी तरुण झालो, हे कबूल केले पाहिजे. दोनशे डॉलर वाचले म्हणून चिरंजीव खूश, आणि मुलाला आपली अजून गरज आहे म्हणून मी खूश.

गाडी सुरू केली, आणि गडू पेटला. आधी मिनिटभर लुकलुकला, मग स्थिर झाला. यात एक भेद आहे आणि तो पुढे महत्त्वाचा ठरला म्हणून सांगतो. हवा कमी झाली की दिवा सरळ लागतो. लुकलुकून मग स्थिर झाला, तर त्याचा अर्थ ‘मला चाकांचा पत्ताच लागत नाही’ असा असतो. आणि त्या अवस्थेत एखाद्या चाकातली हवा खरोखरच गेली, तरी सांगायला त्याच्याजवळ दुसरा दिवा नाही. आंधळा झालेल्या पहारेकऱ्याने रोज सकाळी ‘मी आंधळा आहे’ असे ओरडावे, आणि मग दिवसभर दारात हात वर करून उभे राहावे, तशातली गत. आठवड्याभरात कोणाचे तिकडे लक्ष जाईना. पंधरवड्याने नातीने आपल्या वहीतले एक निळे फुलपाखरू काढून त्यावर चिकटवले, तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने हसलो.

चिरंजीवांच्या मनात मात्र थोडी धाकधूक असावी. ते म्हणाले, “बाबा, नाही म्हटलं तरी एक धोका राहतोच.” मी म्हणालो, “मी कशाला आहे? रोज सकाळी मी बघत जाईन.” डेपोत आम्ही लोखंडी गजाने टायर ठोकून बघत असू. बसच्या मागच्या जोडचाकांतले आतले चाक बसले तर बाहेरून कळत नाही. बाहेरचे चाक भार तोलून धरते. गज मारला की भरलेला टायर त्याला उसळवून परत देतो, आणि नरम टायर धप् करून गिळून टाकतो. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. पण तेहतीस पौंडांच्या मोटारीच्या टायरला बसच्या टायरासारखा कंठ कुठला? तो ठोकला काय आणि न ठोकला काय. शेवटी दाब मोजायचे छोटे यंत्र आणले, हिरव्या पुठ्ठ्याची एक वही केली, आणि डेपोतल्या तक्त्यासारखे रकाने आखून रोज चार आकडे लिहू लागलो.

हा तक्ता म्हणजे माझा जुना विषय. खुर्चीत बसून भरलेला तक्ता मला दुरूनच कळे. खरे आकडे असे एका रांगेत गुण्यागोविंदाने बसत नाहीत. एकदा एका तरुण मदतनीसाने आदल्या दिवशीचे आकडे तसेच उतरवले होते. त्याला मी सगळ्या पाळीसमोर इतके बोललो की त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. “हा आकडा नाही, ही चाळीस माणसं आहेत,” असे काहीसे वाक्य मी फेकले होते. वाक्य मला आवडले होते, म्हणून लक्षात राहिले.

डिसेंबर बरा गेला. थंडीने हवा आकसते. पारा पाच-सहा अंश उतरला की टायरमधला एखादा पौंड कमी होतो. तेवढी मी छोट्या पंपाने भरीत असे. मग जानेवारी आला. १३ तारखेला मागच्या उजव्या चाकाचा आकडा बत्तीसाचा एकतीस झाला होता. थंडी वाढते आहे, असे मनाशी म्हणून मी तो लिहिला आणि सोडून दिला. बाकीच्या तिघांना ती थंडी का लागली नाही, असा प्रश्न डेपोतल्या मला पडला असता.

१४ जानेवारी २०२४, रविवार. सूनबाई आणि नात पंचवीसएक किलोमीटरवरच्या कॅन्टनला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. बाहेर उणे चौदा-पंधरा. मी कोट चढवला, कानटोपी घातली, यंत्र खिशात टाकले आणि दार उघडले. वाऱ्याने तोंडावर जी चपराक मारली, तिने डोळ्यांतून पाणी आले. व्हॉल्व्हची टोपणे हातमोजे काढल्यावाचून निघत नाहीत, हे मला माहीत होते. मी दार लावून घेतले. काचेतून पाहिले; गाडी चारही पायांवर नीट उभी होती. स्वयंपाकघरात गुळपोळीचा वास सुटला होता. मी टेबलाशी बसलो आणि वहीत लिहिले : ३२, ३२, ३१, ३२.

“बाबा, हवा बघितलीत ना?” सूनबाईने बूट घालता घालता विचारले.

“बघितली. निश्चिंत जा.”

एम-१४ या हमरस्त्यावर, ताशी सत्तर मैलांच्या वेगात, मागचे उजवे चाक बसले. सूनबाईची गाडीवर पकड चांगली. तिने ब्रेकवर पाय दाबून धरला नाही, गाडी हळूहळू कडेला बर्फात नेली. मदतीची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटे दोघी आत बसून होत्या, आणि शेजारून गेलेल्या प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. नातीने तेवढ्यात डब्यातले निम्मे तिळगूळ संपवले. दोघी सुखरूप घरी आल्या. आल्यावर नातीने मला उरलेले तिळगूळ दिले आणि ‘गोड बोला’ म्हणाली.

संध्याकाळी चिरंजीवांनी ते चाक अंगणात आणून टाकले. टायरची बाजू पार चुरगळलेली होती, आत काळ्या रबराचा भुगा साचला होता. नरम टायर बराच वेळ चालला म्हणजेच असा भुगा पडतो. खिळाही सापडला. त्याचे डोके रस्त्यावर घासून चांदीसारखे चकचकीत झाले होते. एका दिवसात खिळा असा झिजत नाही. हे सगळे मला एका दृष्टिक्षेपात वाचता आले. चिरंजीव संगणकातले, त्यांना त्यातले काही कळण्याजोगे नव्हते.

“वाटेतच लागला असणार,” ते म्हणाले. “सकाळी तर तुम्ही पाहिलं होतंत.”

“हो.”

“चूक माझी आहे, बाबा. दोनशे डॉलर वाचवायला गेलो.”

मी काहीच बोललो नाही. सौभाग्यवतीने आतून विचारले, “अहो, तो गडू कधी विझणार मग?”

पुढच्या गुरुवारी सेन्सर बसवायला गेलो. मी आग्रहाने बरोबर गेलो आणि कामगाराच्या शेजारी उभा राहिलो; तिकडे गिऱ्हाइकाला आत येऊ देत नाहीत, पण माझे वय पाहून त्याने स्टूल दिले. विशीतला मुलगा, हात स्वच्छ. आमची मूळची उन्हाळी चाके त्याने मुद्दाम बरोबर आणायला सांगितली होती. एक छोटे यंत्र त्याने प्रत्येक मूळ चाकाच्या व्हॉल्व्हशी धरले. आतल्या झोपलेल्या सेन्सरने जागे होऊन आपला क्रमांक सांगितला. तोच क्रमांक त्याने एका कोऱ्या सेन्सरमध्ये उतरवला. असे चार. आता गाडीला वाटणार, ही आपली जुनीच चौकडी. वसंतात चाके परत बदलली तरी तिला काही शिकवावे लागणार नाही.

बाहेरच्या चाकांत आणखी एक अडचण असते. आतला खोलगटपणा वेगळा असला तर डबी धातूला टेकते, किंवा इतकी वर राहते की टायर चढवताना मोडते. त्याने ती बसवून, बोट फिरवून, कोन बदलून पाहिली. रबरी वायसर नवा घातला. नट टॉर्क पान्याने आवळला. ‘कट्’ असा आवाज आला की तो थांबे, पुढे एक केसभरही नाही. जुन्या टोपणांतले एक पितळी होते, ते त्याने फेकून प्लॅस्टिकचे लावले. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला खाते आणि टोपण कायमचे चिकटून बसते. मग डबीचे वजन धरून चाकांचा तोल पुन्हा केला. शेवटी दाब मोजला, लिहिला, आणि काही न बोलता चारही चाके दुसऱ्यांदा मोजली. वहीतले आकडे त्याने उतरवून काढले नाहीत. मी स्टुलावरून ते पाहत होतो.

परतताना दहा मिनिटांच्या आत गडू विझला. चिरंजीवांनी नखाने फुलपाखरू खरवडून काढले. त्याच्या डिंकाचा डाग तेवढा राहिला. पडद्यावर चार आकडे आले : ३३, ३३, ३२, ३३. “आता तुम्हाला थंडीत बाहेर जायला नको,” चिरंजीव म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलोच. हातमोजे काढले, टोपणे काढली, मोजले. यंत्राचे आणि पडद्याचे अर्ध्या पौंडाने जमत नव्हते. वहीत मी दोन्ही आकडे लिहिले.

एप्रिलमध्ये आम्ही पुण्याला परतलो. हिरवी वही मी बॅगेच्या तळाशी घालून आणली. १४ जानेवारीचे पान तसेच आहे.

या अंकाची एक प्रत दरवर्षीप्रमाणे अ‍ॅन आर्बरला जाईल. चिरंजीवांना मराठी वाचायला सवड नसते. सूनबाई मात्र जाहिरातींसकट सगळा अंक वाचून काढते.